सांधलेली गाडी

कुतैसी शहरातून रिओनी नदीच्या कडेकडेने वर गेलं की घळ अरुंद होत जाते, आणि रस्ता एका बाजूला कातळाला व दुसऱ्या बाजूला हवेला टेकून चालतो. तिथल्या एका गावात जुंबेर विजेचे मीटर वाचायचं काम करायचा. मीटर वाचणाऱ्याला घरोघर जावं लागतं, आणि त्या गावात घर तिथे कुत्रा. जुंबेर कुत्र्यांना घाबरायचा. फाटकाबाहेर उभा राहून तो हाक मारी, "मावशी, आधी त्याला बांधा हो!"

"अरे, म्हातारा झालाय तो. दातसुद्धा राहिले नाहीत त्याला," आतून मावशी ओरडे.

"दात नसले तरी जबडा आहे ना!"

नुसत्या कुत्र्यांना नव्हे. तो बैलांना घाबरायचा, झुलत्या पुलाला घाबरायचा, आणि गंमत म्हणजे विजेलाही घाबरायचा. मीटरच्या पेटीचं झाकण तो काडीने उघडायचा. लहानपणी काही घडलं असेल म्हणावं, तर तसंही नव्हतं. त्याची आई सांगायची, पाळण्यातसुद्धा हा डोळे मिटायला घाबरायचा. गावाने त्याचं नाव ससा ठेवलं होतं, आणि पन्नाशी उलटल्यावर ते नाव त्याला जुन्या कोटासारखं अंगासरसं बसलं होतं.

अशा माणसाला बायको मिळाली ती नार्गिझा. वाघीण. दोन गाईंचं दूध, त्याचं चीज, आणि ते चीज बादल्यांत भरून मिनीबसने कुतैसीच्या बाजारात न्यायचं, हे सगळं ती एकटी ओढायची. ओढता ओढता तिचा उजवा खांदा गेला. हात खांद्यावर जाईना, वेणी घालता येईना. डॉक्टर म्हणाला, बादल्या उचलणं बंद. नार्गिझा म्हणाली, "बादल्या मी नाही उचलायच्या तर काय ससा उचलणार?" आणि तिने आपल्या भावाला निरोप पाठवला, की मला एक गाडी बघून दे. गाडी चालवायला ती माहेरीच शिकलेली होती.

भाऊ मुर्मान. त्याचा धंदाच तो. अमेरिकेत ठोकलेल्या, विम्यावाल्यांनी टाकून दिलेल्या गाड्या बोटीतून इकडे येतात. रुस्तावीच्या गाडीबाजाराच्या मैदानात त्यांच्या रांगाच्या रांगा लागतात. मुर्मान तिथून मोडकी गाडी उचलायचा, आपल्या गॅरेजात ठोकून-पिटून रंगवायचा आणि विकायचा. आपल्याकडे निम्मा देश असल्याच गाड्यांतून फिरतो, त्यात काही वावगं नाही. एखादीचं दार बदललेलं, एखादीला पुढचा बंपरच नाही. माणसं म्हणतात, चालते ना? मग झालं.

मुर्मान आला तो रविवारी दुपारी, हॉर्न वाजवत. चंदेरी रंगाची लांबलचक गाडी अंगणात उभी राहिली. शेजारी गोळा झाले. आरशाला छोटा क्रूस लटकत होता, आतून नव्या अत्तराचा वास येत होता.

"काय जावईबापू!" मुर्मानने जुंबेरला मिठी मारून जमिनीवरून उचललं. "बघा तर खरं! राणी आहे राणी. पुढे जरासं खरचटलं होतं, बंपर तेवढा बदलला. बाकी कारखान्यातून आली तश्शी."

"नक्की तेवढंच ना?" जुंबेरने विचारलं.

"माझ्या सख्ख्या बहिणीला मी वाईट गाडी देईन?"

 नार्गिझा तर आधीच गाडीभोवती फिरून दारांवर हात फिरवत होती, नवरीच्या शालूवर फिरवावा तसा. आत मडक्यात घेवडा शिजत होता, निखाऱ्यावर मांस चढलं होतं. मुर्मान म्हणाला, "जेवण होईस्तोवर जावईबापूंना एक फेरी मारून आणतो."

"मी मागेच बसतो," जुंबेर म्हणाला. हसण्याची एक लाट अंगणभर फिरली.

घळीचा रस्ता वळणावळणाचा. वळणावर जिथे जिथे कुणी अपघातात गेलं, तिथे तिथे घरच्यांनी काळा दगड उभा केलेला आहे, दगडावर त्या माणसाचा चेहरा कोरलेला. गाडीत बसलेला माणूस एरवी तिकडे बघत नाही. फक्त बोटं कपाळाला लावून क्रूसाची खूण करतो आणि बोलत राहतो. जुंबेर मात्र प्रत्येक चेहऱ्याकडे बघायचा. मुर्मान एका हाताने गाडी हाकत होता, दुसऱ्या हाताने बोलत होता. सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी जराशी नदीकडे ओढ घेते, असं जुंबेरला वाटलं. आपल्याला काय, सगळंच वाटतं, असं म्हणून त्याने मागच्या सीटचा पट्टा ओढला.

पट्टा कुरकुरत बाहेर आला. हातभर ठीक होता. त्यापुढचा भाग मात्र लाटांसारखा ताणलेला, आणि त्यावर तपकिरी डाग. कुणीतरी घासून घासून धुतलेला, तरी उरलेला डाग. जुंबेरने पट्टा हळूच सोडून दिला. 

पुढच्या वळणावर पायाखालची सतरंजी घसरली आणि खालचा गालिचा कडेने उचलला गेला. तो नीट करायला म्हणून जुंबेर वाकला. गालिच्याखाली पुढच्या सीटांच्या मागून, या दारापासून त्या दारापर्यंत, वेल्डिंगचा एक जाड सांधा गेलेला होता. गाठी-गाठींचा; फाटकं पोतं घाईघाईने दाभणाने शिवावं तसा. वरून काळा रंग फासलेला.

तो वाकलेलाच राहिला. मीटर वाचणारा माणूस होता तो, यंत्रातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण शिवण कशाची असते एवढं कुणालाही कळतं. ही एक गाडी नव्हतीच. या दोन गाड्या होत्या; एकीचं तोंड आणि दुसरीची पाठ. तो बसला होता त्या अर्ध्यात कुणीतरी त्याच पट्ट्यात अडकून पडलं होतं, आणि पुढचं अर्धं कुठून आलं ते देवाला ठाऊक.

"काय जावईबापू, झोपलात का?" मुर्मान आरशातून बघत म्हणाला.

"नाही नाही," जुंबेर म्हणाला. "टोपी पडली होती."

घरी पानं मांडली होती. मुर्मानने पहिला पेला बहिणीच्या नावाने उचलला, दुसरा दिवंगतांच्या, तिसरा नव्या गाडीच्या. आता घरधनी काय म्हणतो म्हणून सगळे जुंबेरकडे बघू लागले. ताटात मांस निवत होतं. भर पंगतीत, बायकोच्या भावाला, त्याच्या तोंडावर म्हणायचं की तू आम्हाला मरण विकतोयस?  शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "रंग... रंग नाही आवडला मला."

 मग मुर्मान मोठ्याने हसला. पण डोळे हसले नाहीत. "रंग! चंदेरी नको म्हणतो ते चोरांना दिसेल म्हणून, की लांडग्यांना? नार्गिझा, तुझ्या सशाला गाजराच्या रंगाची आणून देतो!"

नार्गिझा लाजेने लाल झाली. मुर्मान गाडी घेऊन परत गेला, आणि पाहुणे पांगल्यावर तिने ताटं अशी आपटली की गाईसुद्धा गोठ्यात उभ्या राहिल्या. जुंबेरने तिला खरं सांगितलं नाही. भाऊ-बहिणीत बिब्बा घालायची त्याची छाती नव्हती. गाडी गेली, बला टळली, असं त्याने स्वतःला समजावलं.

पण बला टळली नव्हती. चारच दिवसांनी तो मीटर वाचून परतत होता, तेव्हा ती चंदेरी गाडी शेजारच्या बाद्रीच्या अंगणात उभी होती. बाद्री पोरसवदा, लाकूडकाम करणारा. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. त्याची बायको माक्वाला, पोट पुढे आलेली, गाडीच्या छतावर हात ठेवून हसत होती.

"जुंबेरकाका!" तिने हाक मारली. "तुम्हाला रंग आवडला नाही म्हणे, म्हणून आम्हाला स्वस्तात मिळाली!"

त्या दिवसापासून जुंबेरची झोप गेली. आजवरची त्याची सगळी भीती स्वतःपुरती होती. कुत्रा चावला तर आपल्याला चावणार, पूल तुटला तर आपण पडणार. असली भीती बाळगायची त्याला सवय होती. ही नवी होती. बाद्रीची गाडी सुरू झालेली ऐकली की तो हातातलं काम टाकी, आणि ती परत आल्याचा आवाज येईपर्यंत त्याला पुन्हा हात लावत नसे. जेवताना घास हातात धरून तो खिडकीकडे कान देई. माक्वाला पट्टा लावते का, कुठला लावते, तिने तो डाग पाहिला असेल का? मुर्मानने आता तो कापूनही टाकला असेल. सुटीच्या दिवशी दोघं बाजारला निघाली की तो गोठ्यात जाऊन बसे आणि देवाच्या नावाने पुटपुटत राही.

"तुला झालंय तरी काय?" एक दिवस नार्गिझाने त्याला गोठ्यातच गाठलं. "आजारी आहेस का?"

मग त्याने सांगितलं. पट्टा, डाग, वेल्डिंग, सगळं. नार्गिझा दूध काढायच्या तिवईवर बसली. 

"तू मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुझा भाऊ आहे तो."

"आणि मी त्यात बसले असते तर?"

"म्हणून तर रंग नको म्हटलं."

ती हसलीही नाही, रागावलीही नाही. "मुर्मानला माहीत असेल?" तिने विचारलं. पण उत्तर तिला ठाऊक होतं. ज्याने शिवलं त्याला शिवण माहीत नसेल? शेवटी डोक्याच्या रुमालाने तोंड पुसून ती म्हणाली, "जा. बाद्रीला सांग. माझ्या भावाचं मी बघते."

बाद्री अंगणात रंधा मारत होता. जुंबेर फाटकाशी उभा राहिला, नेहमीसारखा कुत्रा बांधायला सांगितला, आणि मग एका दमात सगळं बोलून गेला. बाद्रीने रंधा थांबवला नाही.

"काका," तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही गेल्या उन्हाळ्यात आमच्या कोंबड्याला घाबरून झाडावर चढला होतात."

"तो कोंबडा वेगळा होता रे. एकदा गालिचा उचलून बघ, एवढंच म्हणतो मी."

"बघितला. मुर्मानने स्वतः दाखवला. म्हणाला, मजबुतीसाठी जास्तीची पट्टी मारलीय." बाद्रीचा आवाज चढला. "वासरं विकलीत मी या गाडीसाठी. सासऱ्याकडे हात पसरले. आता तुम्ही येऊन सांगता, ती मोडकी आहे? तुम्हाला जमली नाही घ्यायला, म्हणून आमच्या आनंदात माती कालवू नका."

रंधा पुन्हा चालू झाला. जुंबेर परत फिरला. त्याने बाद्रीच्या डोळ्यांत पाहिलं होतं. तिथेही भीतीच होती. पण ती त्याच्या भीतीसारखी उघडी नव्हती. रागाखाली दडवलेली, कुणी बोट लावू नये अशी होती.

त्याच आठवड्यात पाऊस लागला. घळीत दरडी यायला लागल्या. आणि एका सकाळी बाद्रीच्या घरातून माक्वालाची किंकाळी आली. दिवस भरायला अजून अवकाश होता. रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती वरच्या अंगाला दरडीपलीकडे अडकलेली. नार्गिझा धावत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "थांबण्यात अर्थ नाही. मूल आडवं आहे असं वाटतंय. कुतैसीला न्यायलाच हवं."

बाद्रीने गाडी काढली. फाटकातून बाहेर वळतो, तर रस्त्याच्या मधोमध जुंबेर उभा. दोन्ही हात पसरलेले, टोपीतून पाणी ठिबकतंय.

"बाजूला व्हा काका!"

"या गाडीतून नको. दुसरी बघू. मिनीबस..."

"मिनीबस दुपारी येते! ती मरतेय इथे, आणि तुम्ही... बाजूला व्हा, नाहीतर अंगावर घालीन!"

मागच्या सीटवर माक्वाला कुशीवर पडून दात आवळत होती. जुंबेरने तिच्याकडे बघितलं. मग त्याने केलं ते गावाने पुढे पुष्कळ वेळा सांगितलं, पण त्या वेळी त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने मागचं दार उघडलं, माक्वालाचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"चल," तो म्हणाला. "पण मी सांगेन तसं."

सगळ्या रस्त्यात त्याने एका हाताने माक्वालाचा खांदा धरला होता, आणि दुसरा हात खाली, गालिच्यावर, त्या शिवणीवर ठेवला होता. या रस्त्याने तो आयुष्यभर पायी हिंडला होता. "पुढे डावीकडे खड्डा आहे, हळू घे. इथून पाणी आडवं वाहतं, ब्रेक दाबू नकोस. हळू, बाद्री. हळू रे बाबा." त्याचे दात वाजत होते, शब्दांचे तुकडे पडत होते.

"काका, तुम्ही थरथरताय," माक्वाला मधेच म्हणाली.

"मी नेहमीच थरथरतो. तू लक्ष देऊ नकोस."

काळे दगड एकामागून एक मागे जात होते. पावसाने धुऊन त्यांच्यावरचे चेहरे जास्तच उजळले होते, आणि प्रत्येक चेहरा आतल्या तिघांना मोजतोय असं त्याला वाटत होतं. आणि मग, अर्धी घळ उतरल्यावर, गाडी एका खड्ड्यातून उसळली आणि जुंबेरच्या तळव्याखाली काहीतरी हललं. आधी वाटलं, आपलाच हात कापतोय. त्याने तळवा घट्ट दाबला. गाडीचा तळ श्वास घेत होता. गालिच्याखालून थंडगार वारा बोटांना लागला, मग पाण्याचा शिंतोडा.

"थांब," तो म्हणाला.

"आता नाही काका..."

"थांब!" तो ओरडला. जन्मात कधी ओरडला नव्हता तसा. "फाटतेय! खाली रस्ता दिसतोय मला, थांब!"

त्याच क्षणी बाद्रीच्या बाजूचं दार आपोआप सुटलं आणि झोकांड्या खात उघडलं. गाडीची कंबर वाकल्यावर दाराला चौकटच उरली नव्हती. बाद्रीने पाय दाबला. गाडी जेमतेम चालण्याच्या वेगात होती, म्हणून कातळाला घासत उभी राहिली. जरा जोरात असती, तर दुसरी बाजू नदीची होती. छताजवळ पत्रा ताणल्याचा लांब आवाज आला आणि मधोमध गाडी खाली बसली, ओझ्याने बैल बसावा तशी.

मागची दारं उघडेनात. दोघांनी माक्वालाला पुढच्या बाजूने बाहेर काढलं, कातळाच्या आडोशाला कोटावर निजवलं. बाद्रीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो गाडीकडे बघत नुसता म्हणत होता, "मी... मी..."

"ते नंतर," जुंबेर म्हणाला. "तिचा हात धर."

वरच्या वळणावरून आवाज आला. लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक उतारावरून येत होता. अशा ट्रकाला ओल्या उतारावर थांबायचं नसतं, आणि थांबायचं म्हटलं तरी चटकन थांबता येत नाही. जुंबेर रस्त्याच्या मधे गेला. त्याने टोपी काढून हलवायला सुरुवात केली. ट्रकने हॉर्न दिला. तो हलला नाही. खरं तर हलायची शक्तीच त्याच्या पायात नव्हती. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं, की पळता आलं असतं तर मी पळालो असतो. दिवे मोठे होत गेले, हॉर्न कानात घुसला, ओंडक्यांच्या साखळ्या खणखणल्या. त्याने डोळे मिटले. उघडले, तेव्हा इंजिनची जाळी त्याच्या छातीसमोर होती आणि तिची ऊब तोंडावर येत होती.

"मरायचंय का रे तुला?" ड्रायव्हर वरून शिव्या देत होता. मग त्याला कोटावर निजलेली बाई दिसली, आणि तो मुकाट्याने खाली उतरला.

ट्रकात माक्वाला आणि बाद्री यांनाच जागा होती. जुंबेर मागे राहिला, मोडलेल्या गाडीशेजारी एका ओल्या दगडावर. मुलगी झाली, पोट फाडून काढावी लागली, पण दोघी जिवंत आहेत, हे त्याला दुपारनंतर कळलं. तोवर तो तिथेच होता. त्याला उठताच येत नव्हतं.

बातमी सांगायला आला तो मुर्मान. नार्गिझाने त्याला फोनवर काय सुनावलं होतं ते कधी कुणाला कळलं नाही. तो खाली उतरला, गाडीजवळ गेला, उघड्या भेगेतून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. मोठा धिप्पाड माणूस, पण खांदे पडले होते.

"मुलगी झाली," तो म्हणाला. मग भेगेवरून बोट फिरवून, "मला वाटलं, टिकेल. आणखी अशा दोन विकल्यात, जावईबापू. त्या चालतायत."

"कुणाला विकल्यास?"

मुर्मानने नावं सांगितली.

"मग आता तिकडे जाऊ," जुंबेर म्हणाला. "तू बोल. मी बरोबर येतो. एकट्याने बोलवत नाही, मला माहीत आहे."

दोघं गेले. एकाने गाडी परत दिली, दुसऱ्याने दोघांनाही हाकलून लावलं आणि पुढच्या आठवड्यात गुपचूप दिली. मुर्मानने बाद्रीला त्याने विकली होती तितकी वासरं परत घेऊन दिली. चंदेरी गाडी त्याने स्वतः कापून भंगारात घातली. वर्षभर तो बहिणीच्या दारी आला नाही. आला तेव्हा नार्गिझाने त्याच्यापुढे पान मांडलं, पण शेजारी बसली नाही. चीज आता बाद्री नेतो, मिनीबसच्या टपावर बांधून. बादलीला तो नार्गिझाला हात लावू देत नाही.

जुंबेर धीट-बीट काही झाला नाही. गाव अजून त्याला ससाच म्हणतं. बाद्री-माक्वालाने मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता व्हायला त्यालाच विचारलं, तेव्हा त्याने आधी नको म्हटलं. "माझ्या हातून पाण्यात पडली तर?" माक्वाला म्हणाली, "काका, तुमच्या हातून ती कधीच पडायची नाही." देवळात त्याने मुलीला दोन्ही हातांनी छातीशी असं घट्ट धरलं की पाद्रीला ती सोडवून घ्यावी लागली. तिला पाण्यात बुडवताना तो इतका पांढरा पडला की नार्गिझाने मागून त्याची कोपरं धरली. मुलगी बोंबलली. जुंबेरच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पाद्री म्हणाला, "धर्मपित्याने रडायचं नसतं." तर हा म्हणतो, "रडत नाही महाराज, घाबरलोय."